उभय चित्र, पनवेल

जगातली प्रत्येक गोष्ट दोनदा व्हायला हवी अशी मनापासून इच्छा असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू कुणाला निवडता येत नाही. आपण मुलगी पाहायला जातो, पोहे खातो, होकार देतो, आणि मग कळतं की तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान सिनेमा काढणार आहेत. तोही एक नाही, दोन. एक मराठी, एक हिंदी. गोष्ट तीच, नट तेच, आंब्याचं झाडही तेच. फक्त प्रत्येक प्रसंग आधी मराठीत करायचा आणि नटांच्या अंगावरचा घाम वाळायच्या आत तोच पुन्हा हिंदीत. मी तेव्हा पनवेलच्या शाळेत मराठी शिकवत होतो. "संवाद लिहायला माणूस घरातच मिळाला," असं त्यांनी माझ्या लग्नाच्या पंगतीत, मी जिलबी तोंडात घातलेली असताना जाहीर केलं, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

मूळचा त्यांचा धंदा भाताच्या गिरणीचा. पण पीक निघालं की गिरणी मुकादमावर सोपवून ते तंबूतला सिनेमा घेऊन नेरे, गव्हाण, जासई अशी गावं घेत हिंडायचे. चित्रपट हिंदी आणि प्रेक्षक आगरी, म्हणून साडू स्वतः पडद्याशेजारी कर्णा घेऊन उभे राहत आणि चाललेलं सगळं मराठीत समजावून सांगत. "आता ती म्हणतेय मी विष खाईन. खाणार नाही, पोरांनो, घाबरू नका." एकदा खलनायक कुठे दडून बसलाय हे त्यांनी आधीच सांगून टाकलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पडद्यावर नारळ भिरकावला होता. लोक चित्रपटापेक्षा त्यांनाच ऐकायला यायचे असं माझं मत होतं. त्यांचं मत वेगळं होतं. त्यांना वाटायचं, ही माणसं बिचारी उष्टं खातात. यांच्या भाषेतलं यांना आणि त्यांच्या भाषेतलं त्यांना, असं ताजं कुणीतरी वाढायला हवं.

म्हणून गिरणीच्या गोदामात कंपनी उभी राहिली. दारावर पाटी आली. वर 'उभय चित्र, पनवेल' आणि तिच्याखाली, त्याच रंगात, त्याच अक्षरात, पुन्हा 'उभय चित्र, पनवेल'. येणारा-जाणारा रंगाऱ्याची चूक समजून हसायचा. साडू गंभीरपणे सांगायचे, "वरची मराठी आहे, खालची हिंदी." घरातही तेच. "चहा टाक. चाय चढाओ," असं ते एका दमात म्हणत, आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची बहीण, आतून ओरडायची, "एकदाच टाकणार आहे!"

या माणसाच्या हाताखाली काम करणं म्हणजे सतत जीव मुठीत घेऊन वावरणं होतं. इतर कंपन्यांना एकदा ढग आला की एकदाच त्रास. आम्हाला मराठीत ऊन मिळालं की हिंदीत ढग यायचा. जेवणाच्या प्रसंगात नायक मराठीत भाकरी खायचा आणि हिंदीत पुरी, कारण "हिंदी माणसाला भाकरी पटणार नाही." संध्याकाळपर्यंत त्याला ओव्याचा अर्क द्यावा लागे. नायिका मराठीत अशी रडायची की आमच्या कॅमेरामन कादरभाईंचे डोळे भरून यायचे आणि हिंदीच्या वेळी तिचे डोळे ठणठणीत कोरडे. साडूंनी यावर तोडगा काढला: रडायचं आधी हिंदीत. मग मराठी कोरडी पडली. शेवटी बाई स्वच्छ म्हणाल्या, "भाऊ, मला दोन आया नाहीत, एकच होती. ती एकदाच मरू शकते." त्या दिवशी कुणीच रडलं नाही, प्रसंगच गाळला.

अशा रीतीने गळत-गळत आमचा पहिला बोलपट शेवटापर्यंत आला. आणि शेवटात पूर होता.

गोष्ट खारभूमीतल्या एका कुटुंबाची होती. खाडीचं उधाण येतं, बांध फुटतो, नायिका धावत सुटते. साडूंना खरा बांध आणि खरं पाणी हवं होतं. गव्हाणच्या बाजूला पडीक खाजणाभोवती, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या जमिनीभोवती, एक जुना बांध होता. त्याच्या आत बरंच अंतर सोडून दुसरा, आणि त्या दुसऱ्या बांधाच्या पलीकडे गावाचं उभं भात. दसरा नुकताच झालेला, दाणा भरत आलेला. साडू गावात गेले. बाहेरचा बांध तोडू, पाणी खाजणात शिरेल, ओहोटीला निघून जाईल, नंतर बांध आम्ही बांधून देऊ, असं त्यांनी सांगितलं. गावचे वडीलधारे धाकू पाटील खाडीकडे वळले. मग म्हणाले, "शेट, पानी आपला ऐकत नाय. पन तुमी तंबूचा शिनेमा आनलेला, तुमाला नाय कसा बोलू?" आणि गर्दीतली माणसं म्हणून आख्खा गाव यायला तयार झाला.

अडचण एकच होती. बांध दोनदा फोडता येणार नव्हता. साडू कित्येक दिवस या एका विचारानं अस्वस्थ होते. जेवताना डाळ भातात ओतून तिचा ओघ किती वेळ टिकतो ते बघायचे. अखेर ठरलं, की पाणी आत धावतंय तोवर नायिकेनं "बांध फुटला!" म्हणत धावायचं, तसंच मागे परतायचं, लुगड्यावरून ओढणी घ्यायची, आणि ओघ संपायच्या आत "बाँध टूट गया!" म्हणत पुन्हा धावायचं. जराही चूक झाली तर सगळं संपलं. बाईंना मुंबईहून बोलावणं आलं होतं, त्या दुसऱ्या दिवशी जाणार होत्या. पुढचं मोठं उधाण येईपर्यंत कंपनी तग धरेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

पुनवेच्या दुपारी भरती चढू लागली. कादरभाईंनी कॅमेरा बाहेरच्या बांधाच्या उंचवट्यावर रोवला. खाजणात आमचं सिनेमातलं घर उभं होतं: बांबू, कुडाच्या भिंती आणि गिरणीचे जाडजूड खरे दरवाजे. पाणी बांधाच्या काठाला टेकलं तशी साडूंनी मान हलवली, गड्यांनी फावडी घातली, आणि खाडी आत आली.

ती ओतलेल्या डाळीसारखी आली नाही. आधी एक जीभ, मग एकदम बांधाचा लचका तोडून मातकट लोंढा. बाई जिवाच्या आकांतानं "बांध फुटला!" ओरडत धावल्या. गावकरी धावले. साडू आनंदानं थरथरत होते. तेवढ्यात लांबून धाकू पाटलांचा आवाज आला, "आतला बांद गेला रं! आतला बांद!"

"वा!" साडू पुटपुटले. "काय जीव ओततोय हा माणूस!"

बायका छाती बडवत पलीकडे धावू लागल्या. साडूंनी कादरभाईंना खूण केली, कॅमेरा त्यांच्यावर न्या. तो वळला. पण संवाद माझे होते, एकूणएक पाठ होते, आणि त्यात 'आतला' हा शब्द कुठेच नव्हता.

"भाऊ," मी त्यांचा दंड धरला, "हे माझं नाही. ते खरं बोलतायत."

लोंढा खाजण ओलांडून आतल्या बांधावर आदळला होता. खेकड्यांनी पोखरलेल्या जागी तो ढासळत होता, आणि माणूस आडवा मावेल एवढी खांड पडली होती. पलीकडे पिवळं पडत आलेलं भात. खारं पाणी शिरलं की हे वर्ष तर गेलंच, पुढची वर्षंही त्या जमिनीत काही धड उगवणार नव्हतं.

कादरभाई कॅमेऱ्यावरून न उठता ओरडले, "मराठी हो गया! पानी अभी चल रहा है, हिंदी ले लूँ?" बाई ओढणी घेऊन, धापा टाकत जागेवर उभ्या होत्या. ऊन स्वच्छ होतं. साडूंनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"बंद करा! बंद करो!" ते ओरडले आणि धोतर खोचून पाण्यात उतरले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आमचं कुडाचं घर त्यांनी स्वतः सगळ्यांत आधी उपटलं. गिरणीचे दरवाजे चार-चार जणांनी वाहून खांडीत आडवे लावले. पाणी त्यांना ढकलत होतं, म्हणून माणसं पाठ टेकून रांगेनं उभी राहिली. त्यात आमचा नाजूक नायक, अर्धी खोटी मिशी वाहून गेलेला, धाकू पाटलांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. बाई बायकांच्या रांगेत चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देत होत्या. कादरभाईंनी कॅमेऱ्यावर सदरा गुंडाळला आणि उघड्या अंगानं पाण्यात शिरले. आणि या सगळ्यावर साडूंचा आवाज: "बांबू इकडे! बाँस इधर लाओ! दाबा! दबाओ!"

"शेट!" धाकू पाटील गळ्यापर्यंत पाण्यात असताना ओरडले, "आमाला येकदा सांगला तरी कलतं!"

अशा वेळी हसू येऊ नये. पण रांगेतला एक जण हसला, मग दुसरा, आणि हसण्यानं त्या पाठी हलल्या तशी एका दरवाजाची फळी सटकली. पाणी उसळून आत गेलं. एक बाई किंचाळली. साडू त्या फटीत आडवेच पडले, अक्षरशः आडवे, आणि त्यांच्या पाठीवर आम्ही चिखल लिंपला. किती वेळ गेला कोण जाणे. मग पाण्याचा जोर जरासा कमी वाटला. कुणी म्हणालं, "व्हट लागली." ओहोटी सुरू झाली होती. कोपऱ्यातल्या एका पट्टीत खारं पाणी गेलं होतं, बाकीचं भात वाचलं होतं.

सगळे बांधावर बसले. धाकू पाटील मात्र उभे राहिले, आणि त्यांचा आवाज चढला. "शेट, आज आमची पोरा वर्सभर उपाशी मेली असती. तुमच्या खेलापायी!"

साडूंच्या केसांतून चिखल ओघळत होता. ते उठले, पाटलांसमोर हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं." त्याचं हिंदी आलं नाही. धाकू पाटलांनी आपल्या डोक्याचं फडकं काढून साडूंच्या हातात दिलं, तोंड पुसायला.

बाई मुंबईला गेल्या. मराठी चित्रपटात पूर आला. कादरभाईंनी सुचवलं, त्याच चित्रावर हिंदी आवाज चढवू. साडूंना ते पटेना. "ओठ मराठी आणि आवाज हिंदी? लोकांना दिसतं, मास्तर." शेवटी हिंदीत एक म्हातारा येऊन पुराची बातमी सांगतो एवढंच ठेवलं. हिंदी फारसा चालला नाही. मराठी मात्र गावोगाव फिरला, आणि त्या पुरावरून लोक कंपनीला ओळखू लागले. मग शेतीवरच्या छोट्या माहितीपटांची कामं आली, दोन्ही भाषांत. मग आणखी बोलपट. गोदाम अपुरं पडलं, शेजारची जागा घेतली, माणसं वाढली. साडू दिल्लीला जाऊन दूरचित्रवाणीही पाहून आले आणि महिनाभर दुसरं काही बोलले नाहीत: पडदा एवढासाच, पण माणसं आपल्या घरात बसून बघतात, दिवा मालवावा लागत नाही. आज ना उद्या मुंबईत येणार, तेव्हा आपलं सगळं तयार हवं. त्यासाठी कंपनी मुंबईला न्यायची असं कादरभाईंनी आणि नव्या मंडळींनी ठरवलं. बरोबरच होतं ते. साडूंनी कागदांवर सह्या केल्या, आणि स्वतः मात्र पनवेल सोडलं नाही.

सामान गेलं त्याच आठवड्यात ते म्हणाले, चला, गव्हाणला जाऊन येऊ. धाकू पाटील आता नव्हते. त्यांच्या सुनेनं आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. नंतर आम्ही बांधावर गेलो. भात कापणीला आलं होतं. साडू थकले होते, चालताना माझ्या खांद्यावर हात ठेवत.

मग म्हणाले, "मास्तर, खरं सांगा. त्या दिवशी हिंदी मिळालं असतं का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण त्यांनी पहिल्यांदाच मला असं काही विचारलं होतं.

"मिळालं असतं, भाऊ. ओघ बराच वेळ होता. बाईही तयार होत्या."

"हं," ते म्हणाले. "मलाही तसंच वाटतं."

त्यांनी वाकून एक लोंबी हातात घेतली, दाणा भरलाय का ते चिमटीत दाबून पाहिलं, आणि हळूच सोडून दिली.