बारा व्होल्टची शेळी

आमच्या घरमालकांच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू एक दिवस दावणीला बांधल्याशिवाय विकत घेतलेली नाही. अपवाद एकच, आणि तो माझ्यामुळे घडला.

त्यांचं घराणं मेंढरांमागे फिरणारं, गाव फुलंब्रीच्या पुढे. जनावर घ्यायचं तर ते आधी एक दिवस आपल्या दारात बांधायचं, काय खातं, किती पाणी पितं, ओरडतं का ते बघायचं आणि मगच सौदा करायचा, हा वडिलांचा नियम. तो त्यांनी शहरात येऊन वायरमन झाल्यावरही सोडला नाही, आणि पुढे इन्व्हर्टर-बॅटऱ्या बसवण्याचा धंदा सुरू केल्यावर तर मुळीच नाही. त्यांच्या लेखी कूलर, मिक्सर, पाण्याची मोटार ही सगळी जनावरंच. एकदा ते पंखा घ्यायला गेले. दुकानदाराने तो पाचवर फिरवून दाखवला. यांनी तो एकवर आणायला लावला, खुर्ची मागवली आणि डोळे मिटून त्याच्याखाली अर्धा तास बसून राहिले. "पळताना सगळीच चांगली दिसत्यात. चालताना कण्हतंय का ते ऐकावं," असं त्यांचं म्हणणं. शेवटी दुकानदाराने तो पंखा एक दिवसासाठी त्यांच्या घरी नेऊ दिला, बहुधा खुर्ची मोकळी व्हावी म्हणून.

साडू ते एकट्या घरमालकांचे, पण सगळी गल्ली, अगदी बायकासुद्धा, त्यांना साडूभाऊच म्हणे. मी काहीच म्हणत नसे, कारण मी फारशी कुणाशी बोलतच नसे. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी गप्प राहते ती गर्वाने, असा गल्लीचा समज होता. साडूभाऊंचा नव्हता. नव्या दारात आलेलं जनावर काही दिवस तोंड उघडत नाही, त्याला हाकलायचं नसतं, असं त्यांनी माझ्या आईला समजावून सांगितलं होतं. मी ते जिन्यावरून ऐकलं आणि मला त्याचा राग आला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. मला मात्र ते "म्याडम" म्हणत.

दुष्काळाची वर्षं होती ती. हर्सूलच्या पुढे ज्वारीच्या रानांचे प्लॉट पडत होते. त्यांवर आधी आमची घरं आली होती. पाणी आणि वीज मागून येणार होती. टँकर चौथ्या दिवशी येई, लाइट रोज जाई. साडूभाऊंकडे घोंगडीच्या तुकड्याची एक पिशवी असे आणि तिच्यात व्होल्ट मोजायचा मीटर. समोर बॅटरी दिसली की ती ते मोजत, मालकाला विचारायच्या आधी. एकदा त्यांनी टँकरच्याच बॅटरीला मीटर लावला आणि "ही उद्या उठायची नाय" असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी टँकर खरंच जागचा हलला नाही आणि गल्ली कोरडी राहिली. घरमालकीणबाईंचं ठाम मत पडलं की दाजींची नजर लागली. त्यानंतर टँकरवाला आधी साडूभाऊंना बॅटरी दाखवायचा, मग पाइप सोडायचा.

अशा माणसाकडे मी माझं गाऱ्हाणं घेऊन गेले. खरं तर आई घेऊन गेली, मी मागे उभी होते. कॉलेज संपलं होतं. नोकरीच्या दोन मुलाखतींत मी इतकी गप्प बसले होते की दुसरीत त्यांनी मला पाणी हवं का असं विचारलं. मग मला घरबसल्या एक काम मिळालं: पुण्याच्या एका कंपनीसाठी इंग्रजी भाषणांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची. तोंड उघडायची गरज नाही! असं काम मला पुन्हा मिळालं नसतं. पण पहिले पंधरा दिवस परीक्षेचे होते आणि दहा ते सहा कॉम्प्युटर चालू हवा होता. घरमालकांचा इन्व्हर्टर होता, पण लाइट गेली की तो जागा होईपर्यंत माझा डेस्कटॉप बंद पडून पुन्हा सुरू होई.

साडूभाऊंनी डेस्कटॉपचं झाकण काढून आत बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "म्याडम, बॅटरीत वीज बारा व्होल्टची. इन्व्हर्टर तिला वाढवून दोनशे तीस करतो, आणि तुमचा हा डबा तिला परत बारा करतो. म्हंजे फुलंब्रीहून हर्सूलला यायचं, ते उलटं सिल्लोडवरून." त्यांना असा पॉवर सप्लाय हवा होता जो बॅटरीची वीज थेट घेईल. आम्ही पैठण गेटजवळच्या दुकानात गेलो. असे पॉवर सप्लाय म्हणजे दोन बोटांएवढ्या पट्ट्या होत्या, थेट मदरबोर्डात खोचायच्या. दुकानात दोनच होत्या. एकीवर वॅट जास्त आणि 'बारा व्होल्ट' असं ठळक लिहिलेलं. दुसरीचे वॅट थोडे कमी आणि व्होल्टच्या जागी सहा ते सव्वीस असं काहीतरी ऐसपैस. दोन्ही सीलबंद, एक दिवस घरी न्यायची सोय नाही. नियमाप्रमाणे साडूभाऊंनी उठून यायला हवं होतं. पण माझं काम सोमवारी सुरू होणार होतं आणि मी काही न बोलता त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी बारावाली उचलली. बॅटरी बाराची, पट्टी बाराची, सोयरीक जमली.

सोमवारी अकराला लाइट गेली. कॉम्प्युटर हलला नाही. मी आणि आई एकमेकींकडे बघून हसलो. दोनला लाइट आली, गल्लीत पोरांनी नेहमीसारखा "आली!" असा ओरडा केला, डोक्यावरचा पंखा फिरू लागला आणि माझा कॉम्प्युटर बंद पडला. चारला पुन्हा लाइट गेली, पाचला आली, पुन्हा तेच. सगळ्या जगाचे कॉम्प्युटर लाइट गेली की बंद पडतात. माझा लाइट आली की पडत होता. संध्याकाळी पुण्याहून मेल आला: एका दिवसात दोन वेळा; तिसऱ्यांदा झालं तर आपण इथेच थांबू.

साडूभाऊ मीटर घेऊन आले. बॅटरी इन्व्हर्टरची, लाइट आली की ती आपोआप भरायला लागे, आणि नाही भरली तर रात्री खाली घरमालकांचे पंखे बंद. त्यांनी सुया टेकवल्या. भरताना ती बारावरून चौदाच्या वर चढत होती, आणि पट्टीला बाराशिवाय काही चालत नव्हतं. घरमालकीणबाई दारातून म्हणाल्या, "दाजी, एकाच गोत्रात सोयरीक केली व्हय तुम्ही."  त्या दिवशी साडूभाऊंनी चहाही घेतला नाही. पिशवीची नाडी बांधता बांधता एवढंच म्हणाले, "जर्शी गाय आणली मी. तिला तिचीच वैरण पायजे. दुष्काळात शेळी घ्यावी, हे मला बापानं शिकवलं होतं." जाताना ते पहिल्यांदाच जिना सावकाश उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की दुकानातली शेळी, म्हणजे ती सहा ते सव्वीसवाली पट्टी, विकली गेली. दुकानदाराने बंगळूरच्या एका विक्रेत्याचा नंबर दिला. तो फक्त इंग्रजीत बोले. साडूभाऊंनी फोन माझ्यापुढे धरला. मी तोपर्यंत अनोळखी माणसाला फोन कधी केलाच नव्हता. गॅसचा नंबरसुद्धा आई लावायची. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी फोन तसाच धरून ठेवला.

"म्याडम, माझ्या हातनं चूक झाली. निस्तरायची तर मला तुमची जीभ पायजे."

मी नंबर लावला. ते समोर बसून प्रश्न सांगत होते आणि मी जमेल तसं इंग्रजी करत होते. बॅटरी किती उतरली की हा मान टाकतो? किती चढली तरी सोसतो? दिवसभर राबला तर अंग किती तापतं? पलीकडचा माणूस आधी घाईत होता, मग सावरून बसला असावा. त्याने विचारलं, मी कुठल्या संस्थेतून बोलतेय. मी म्हटलं, हर्सूलमधून. शेवटचा प्रश्न साडूभाऊंनी कुजबुजत सांगितला, आणि मी विचारला: एक दिवस बांधून बघितला आणि नाही पटला तर परत घ्याल का? तो हसला. तीन दिवस दिले त्याने.

 तो फोन ठेवला आणि लगेच मी पुण्याला दुसरा लावला. हा कुणी सांगितला नव्हता. काय झालं ते सगळं मी सांगितलं, जर्शी गाय वगळून, आणि पुढच्या सोमवारपर्यंत मुदत मागितली. दिली त्यांनी.

पट्टी शुक्रवारी आली. शनिवारी साडूभाऊंनी ती दावणीला बांधली. इन्व्हर्टर बंद ठेवून त्यांनी बॅटरीला मोटारीचे दिवे जोडले आणि ती अकरापर्यंत उतरवली, मग चौदाच्या वर भरू दिली. सबंध दिवस ते कॉम्प्युटरशेजारी स्टुलावर बसून होते आणि मधूनमधून पट्टीला बोट लावून बघत होते. पडद्याची पापणीसुद्धा हलली नाही. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला, "शेळीच हाय. बाभळीचा पाला पण खाईल." आणि चहा मागितला.

ते काम मला मिळालं. आता मी त्याच कंपनीत नव्या मुलींना शिकवते, म्हणजे दिवसभर फोनवर बोलते. आईला हे अजून खरं वाटत नाही. शहर हर्सूलच्या कितीतरी पुढे गेलं. लाइट क्वचित जाते. साडूभाऊ गुडघ्यांमुळे गावी राहतात आणि दर रविवारी सकाळी फोन करतात. रामराम झाला की पहिला प्रश्न ठरलेला, "चरतंय का?" मी म्हणते, चरतंय.

मध्यंतरी मी लॅपटॉप घेतला आणि डेस्कटॉप कोपऱ्यात गेला. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. एका रविवारी मी नेहमीसारखं "चरतंय" म्हटलं.

"डब्याचा पंखा ऐकू येत नाय, माय," ते म्हणाले. रागावले नव्हते.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी डेस्कटॉप आधी चालू करते. फोन आला की तो झाकण काढलेल्या डब्याजवळ धरते.  आतला पंखा सावकाश फिरत असतो. बऱ्याच वेळाने ते म्हणतात, "कण्हत नाय," आणि फोन ठेवतात. मी डेस्कटॉप लगेच बंद करत नाही.