सहा चौकटींतली बाई

माहेरी, कॅम्प दोन वस्तीतल्या रद्दीच्या दुकानात उभ्या उभ्या चित्रकथा वाचून मी मोठी झाले. आता अंबरनाथच्या एका कारखान्यात कामगारांसाठी सुरक्षेची चित्रं काढते. चित्रातून कुणालाही काहीही समजावता येतं, अशी माझी घमेंड होती. ती सासूबाईंनी उतरवली.

आम्ही खरवईला राहतो. सासूबाईंचा जन्म शेतीत गेला, शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. डॉक्टरांनी त्यांना दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यायला सांगितलं, आणि दुपारी घरात त्या एकट्याच. मी मोठ्या झोकात सहा चौकटी काढून फ्रिजवर चिकटवल्या. हात धुणारी बाई, मग इन्सुलिनचं पेन काढणारी, त्यावरचा आकडा फिरवणारी, पोटाला टोचणारी, घड्याळाकडे बघणारी आणि शेवटी जेवणारी. त्यांनी बघून मान डोलावली. मी निर्धास्त कामावर गेले.

संध्याकाळी येऊन बघते तर त्या कॉटवर गळून पडलेल्या, घशाला कोरड. साखर भलतीच वाढलेली आणि पेन जिथल्या तिथे. मी घाबरले आणि त्यामुळेच चिडले.

"आई, चित्रात सगळं दाखवलंय ना!"

"सा बाया हायत त्या," त्या म्हणाल्या. "मना वाटला, तू कामा वाटून दिलीस. मी जेवनारी. टोचनारीची लय वाट बगितली गो, मंग जेवले."

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात देवघरातल्या जिवतीच्या कागदाकडे लक्ष गेलं. त्यात प्रत्येक चौकटीत वेगळा देव. त्या जन्मभर चित्रं अशीच वाचत आल्या होत्या, आणि बरोबर वाचत होत्या. पुढच्या चौकटीतली बाई म्हणजे तीच, फक्त थोड्या वेळानंतरची, हे मला रद्दीवाल्याच्या दुकानाने शिकवलं होतं. मी मात्र ते जन्मतःच येतं असं धरून चालले होते. स्वतःची लाज वाटली.

मी एकच बाई असल्याचं सांगितलं. त्यांनी फ्रिजवरच्या सहाही चौकटी पुन्हा निरखून पाहिल्या.

"गवरीची पावला काढतो ना आपन, दारापासून चुलीपरयंत? कोन इचारतं का, एवड्या गवरी कुटशी आल्या? तशी पावला काढ."

इतकी वर्षं मी चित्रं काढतेय, पण हे मला कधी सुचलं नसतं. मी लाल पेनाने चौकटीतून चौकटीत जाणारी पावलं काढली. त्यांनी पहिल्या पावलावर बोट ठेवलं आणि सावकाश चालवत नेलं. चौथ्या चौकटीत बोट थांबलं.

"म्हंजे टोचनारी पन मीच," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना सुईची भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात त्यांचा फोन आला.

"गो, मी पाचव्या घरात पोचले. आता जेवते."