शेवटची सहा पानं

"ती बाई अजून नावेतच आहे का हो?" मैत्रिणीच्या आईने स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

"सहा वर्षं झाली," काका, म्हणजे मैत्रिणीचे बाबा, म्हणाले. "एव्हाना नाव कुजली असेल."

हॉलमधल्या बाकीच्या दोघांना हे ऐकू जाणं शक्यच नव्हतं, कारण ते भांडत होते. मी खोक्यांच्या मधल्या जागेत बसून पोहे खात होते, म्हणून मला ऐकू आलं. मैत्रीण मंगळवारी पुण्याला चालली होती, नव्या नोकरीसाठी. हा मुलुंडमधला तिचा शेवटचा रविवार होता आणि तोही नावेतच चालला होता.

मैत्रीण आमच्याच सोसायटीतली, बी विंगमधली. मी ए विंगमधली. भांडणारा दुसरा म्हणजे आमचा कॉलेजमधला मित्र, भांडुपचा. त्याचे आजोबा मालवणहून येऊन गिरणीत लागले होते आणि कुणाची खेचायची असली की याच्या तोंडात आजोबांची भाषा येते. आम्हा तिघांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे एक इंग्रजी कादंबरीमालिका. सात जाडजूड खंड, पहिल्या पानावर नकाशा, नद्या, शापित राजवाडे, बोलणारे मासे. तिची नायिका एका नावाड्याची मुलगी. सातही खंडांत मिळून ती जेमतेम पानभर बोलत असेल. शेवटी तिला राजगादी मिळते. एका काठावर दरबार वाट बघतोय, दुसऱ्या काठावर वडिलांची झोपडी. मधोमध आल्यावर ती वल्ही आत घेते, आणि पुस्तक संपतं.

मैत्रिणीच्या मते जगात यापेक्षा चांगला शेवट कुणी लिहिलेला नाही. मित्राच्या मते लेखकाने पाट्या टाकल्या.

"मधीच वल्ही काढून कोण बसता गो?" तो त्या सकाळी पुन्हा म्हणाला. "आमच्याकडे असं केलं तर आजोबा काठावरून दगड मारतील."

"तुला सगळं चमच्याने भरवावं लागतं," ती म्हणाली.

त्याची आवडती कादंबरी मराठी आहे. दोन भाऊ एका फणसासाठी तीस वर्षं कोर्टात जातात, आणि शेवटच्या पानावर निकाल लागतो. तो म्हणतो, याला म्हणतात शेवट. मैत्रीण म्हणते, याला म्हणतात तहसीलदाराचा कागद. ती कादंबरी त्याने मलाही दिली होती. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मला ती वाचायला चार महिने लागले. दर आठवड्याला तो विचारायचा, फणस पिकला का. मला ती मनापासून आवडली, पण मी फक्त "चांगली आहे" म्हणून परत दिली. माझं हे नेहमीचंच. दोघांनी माझं नाव अंपायर ठेवलं होतं, कारण कुणीही विचारलं तरी मी "दोघांचंही बरोबर आहे" म्हणायचे.

खरं तर या सामन्यात अंपायर व्हायचा मला काहीच अधिकार नव्हता.

आम्ही सातही खंड तिघांत मिळून घेतले होते, प्रत्येकाची एकच प्रत. खंड कुणी आधी वाचायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. आधी वाचणाऱ्याने त्याला खाकी कव्हर घालायचं, पण दोघांची कव्हरं आठवड्यात सुटायची म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सातव्या खंडाला चिठ्ठीही माझीच निघाली. मी तो दोन दिवसांत वाचला. वल्ही आत घेतली तिथे मी रडले. आणि मग पान उलटलं, तर पुढे आणखी सहा पानं होती.

वीस वर्षांनंतर. दरबार भरलाय. नावाड्याची मुलगी राणी झालीय आणि सिंहासनावरून लोकांना किस्से सांगतेय. एकामागून एक. लोक हसून हसून बेजार. एक म्हातारा मंत्री दुसऱ्याला म्हणतो, पूर्वी ही तोंड उघडत नसे, आता बघा कशी खुलली आहे.

माझ्या प्रगतिपुस्तकावर पहिलीपासून दहावीपर्यंत एकच शेरा आहे. हुशार आहे, पण खुलायला हवी. लग्नकार्यात आत्या, मावश्या, शेजारच्या काकू सगळ्या तेच म्हणतात. तो म्हातारा मंत्री मला त्यांच्यातलाच वाटला. सात खंड मी जिच्याबरोबर गप्प बसले होते, तिलाही यांनी शेवटी खुलवली.

कव्हर घालायला ब्लेड हातात होतंच. मी ती तीन कागदांची सहा पानं शिवणीलगत कापली. कव्हरचा आतला पदर नेहमीपेक्षा रुंद ठेवून त्याच्याखाली कापलेली कड दाबली. पुस्तकाला अनुक्रमणिका नव्हती. दोन दिवस राग काढून घ्यायचा आणि पानं परत चिकटवायची, असं मी ठरवलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी मैत्रीण पुस्तक घेऊन गेली. रविवारी तिचा फोन आला, रडवेल्या आवाजात. असा शेवट करायला हिंमत लागते, म्हणाली. पुढच्या आठवड्यात भांडुपहून फोन आला की, मी पैसे परत मागणार आहे.

मग सांगणं राहूनच गेलं. ती पानं माझ्या फाइलमध्ये आहेत, दहावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या मध्ये.

इंटरनेटवर काही बघायचं नाही, असा आमचा नियम होता. मित्राने तो एकदा मोडला आणि विजयी चेहऱ्याने आला. जगभरचे वाचक शेवटाला शिव्या देतायत, म्हणाला. मैत्रीण दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्या शिव्या कुठल्या पानांना होत्या ते मला माहीत होतं. मी म्हटलं, दोघांचंही बरोबर आहे. आणि पुण्याची ही नोकरी. मुलाखतीत तिला कुणीतरी आवडत्या पुस्तकाबद्दल विचारलं, आणि ती अधांतरी राहिलेल्या शेवटावर दहा मिनिटं बोलली. तिच्या मते तिला घेतलं ते त्या दहा मिनिटांमुळे.

त्या रविवारी पोहे संपल्यावर मित्राने पिशवीतून एक पार्सल काढलं. गुलाबी कागद, त्यावर फिती, सगळं दुकानातून बांधून आणलेलं. आकार बघूनच मी ओळखलं, आत काय आहे ते.

"तुझ्या त्या नावाडणीचा सातवा खंड," तो म्हणाला. "कोरा. पुण्यात भांडायला मी नसणार, तर निदान पुस्तक असू दे. जुना अंपायरकडे राहील."

मैत्रिणीचे डोळे भरून आले, पण तिने ते लपवण्यासाठी फणसावरून त्याला एक टोमणा मारला. मग कागद फाडला. आधी वास घेतला. मग नेहमीप्रमाणे शेवट काढला, वल्ह्यांचं वाक्य आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला.

ती वाचायला लागलीच नाही. एक पान उलटलं, मग दुसरं.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "वीस वर्षांनंतर."

मित्राने तिच्या खांद्यावरून बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. नवीन आवृत्तीत जोडलं असणार, तो म्हणाला, लेखकाला लाज वाटली असेल, मी म्हणत नव्हतो?  मैत्रीण जमिनीवर एका खोक्याला टेकून बसली. सहाही पानं तिने वाचली, आणि मधे एकदा माझ्या शेजारच्या सुटकेसकडे बघितलं. मला कळलं, ती मुलाखतीतली दहा मिनिटं आठवत होती. मी मूर्ख ठरले का, एवढंच तिला विचारायचं होतं, पण ते तिने विचारलं नाही. तिने मान वर केली आणि मला म्हणाली, "नंतरच जोडलं असेल ना गं? जुन्यात नव्हतं. तू तर सगळ्यात आधी वाचलेलंस."

आतमध्ये भांड्यांचा आवाज थांबला होता. काका-काकूही ऐकत असावेत.

नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मित्राला तेच हवं होतं, तिलाही. हे एक उत्तर तर खरंच दोघांनाही बरोबर वाटलं असतं.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"नाही, ही पानं जुन्यातही होती," मी म्हटलं. "मीच ब्लेडने कापली. ती वल्ही आत घेऊन गप्प बसते ना, मला ती तेवढीच आवडते, आणि माझ्या मते तुझंच बरोबर आहे."