संमतिपत्रातली एक ओळ

आमच्या घरात कुठलाही इंग्रजी कागद शेवटी माझ्याकडे येतो. नवऱ्याच्या ऑपरेशनचं संमतिपत्रही तसंच आलं. खामगावच्या दवाखान्यातल्या बाकावर एका बाजूला तो बसला होता, दुसऱ्या बाजूला सासूबाई.

त्याच्या लिंगाची पुढची कातडी वर्षभर आवळत गेली होती. मलमं लावून झाली, शेवटी डॉक्टरांनी सुंता सांगितली.

"आपल्यात कोणी करते का हे?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"आजाराला जात नसते, मावशी," डॉक्टर म्हणाले.

आता त्या मला म्हणाल्या, "मोठ्यानं वाच वं. इंग्रजी वाचणारी सून आणली, भाकरी त मीच थापतो."

मी मराठीत सांगत गेले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, टाके. मग ती ओळ आली: आवरण गेल्यावर आतली त्वचा उघडी राहते, कोरडी आणि जाड होऊ शकते, काहींना स्पर्श कमी जाणवतो, शरीरसंबंधात फरक पडू शकतो. हे शब्द मी मराठीत कधी तोंडातून काढले नव्हते. सासूसमोर तर शक्यच नव्हतं.

"बाकी नेहमीचंच आहे," मी म्हणाले. त्यानं सही केली.

जखम छान भरली. पण आठ महिने झाले, तो जवळ येतो, मध्येच थांबतो आणि कूस बदलतो. परवा दुपारी सासूबाई शेतात गेल्यावर तो स्वतःहून बोलला.

"टाचेची कातडी असते ना, तशी झाली. मले काही जानवूनच नाही राह्यलं."

मी खाली बघत होते.

"त्या कागदात होतं का असं काही?"

"नाही."

"मंग डॉक्टरनंच बिघडवलं."

"एकदा दाखवून तर या."

"त्याच्याकडे? आता मरन आलं तरी नाही."

ऑपरेशन टळणार नव्हतंच. ती ओळ ऐकूनही त्यानं सही केली असती, असं मी स्वतःला सांगत असते. पण मग ती त्याची सही असती. आता ती माझी आहे, आणि हे त्याला सांगायची हिंमत माझ्यात नाही.

काल शेजारचे काका ओट्यावर बसले होते. त्यांचंही तेच दुखणं आहे. तो त्यांना म्हणाला, "त्या दवाखान्यात पाय ठेवू नका, काका. फसवते तो माणूस."

काकांनी मान डोलावली. मी आत चहा गाळत होते. सगळं ऐकू येत होतं.