चिखल्याची अंडी आणि आडवी पऱ्हाटी

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही. दारव्ह्याकडच्या आमच्या गावाजवळचं धरण आटायला लागलं की काठावर चिखल उघडा पडतो आणि किनाऱ्यावरचे पाहुणे पक्षी आपणहून येतात. लाल तंगड्यांचे शेकाटे, शेपटी हलवत फिरणारी तुतारी, पाण्यावर सूर मारणारा सुरय. दर रविवारी मी यवतमाळहून एसटीनं येतो आणि गळ्यात दुर्बीण अडकवून काठानं चालतो. ऑफिसात मला पक्षीतज्ज्ञ म्हणतात. मीही नाही म्हणत नव्हतो.

त्याच उघड्या गाळाच्या जमिनीत आई टरबुजं पेरते, म्हणजे गाळपेर करते. यंदा तिच्या तुकड्यात छोट्या चिखल्याची दोन घरटी दिसली. घरटं कसलं, नुसती खळगी, आणि अंडी आजूबाजूच्या खड्यांसारखीच. दोन दिवसांनी नांगरायला ट्रॅक्टर येणार होता. मी रजा टाकून राहिलो. पहिल्या घरट्याभोवती वाळलेल्या कपाशीच्या चार काड्या, म्हणजे पऱ्हाट्या रोवल्या, वर लाल चिंध्या बांधल्या आणि दुसऱ्याचं उद्या करू म्हणून घरी आलो.

सकाळी एका पऱ्हाटीवर कावळा बसला होता. खाली टरफलं.

आई म्हणाली, "बसाले जागा देल्ली ना तुनं कावळ्याले. मले काहून नाही इचारलं?"

मग तिनं दुसऱ्या घरट्यापासून वीस-वीस पावलांवर चारी बाजूंनी पऱ्हाटीच्या पेंढ्या जमिनीवर आडव्या टाकल्या. आडवी पेंढी म्हणजे इथून वळा, हे धरणाकाठच्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला कळतं. ट्रॅक्टर वळला. तेवढा तुकडा तिनं बिनपेऱ्याचा ठेवला.

तीन आठवड्यांनी नागपूरचे काही पक्षिनिरीक्षक आले. खळगीजवळ बोटाएवढी चार पिल्लं तुरुतुरु पळत होती. कॅमेरे खटाखटा वाजले. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली, "वा, काय जपलंय तुम्ही!"

एवढी वर्षं मी अशाच थापेची वाट पाहत होतो. ती घेऊन गप्प बसणं सोपं होतं.

"मी जपलेली अंडी कावळ्यानं खाल्ली," मी म्हणालो. "हे माझ्या आईनं जपलंय. ती तिकडं निंदून राह्यली, ती."

इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता. सगळे तिच्याकडं वळले. तिनं विळा न थांबवताच ओरडून सांगितलं, "फोटो काढा, पण पेंढीच्या इकडूनच काढा!"

आणि ते सगळे, मीसुद्धा, पेंढीच्या मागं सरलो.