राधाक्कांच्या फळीवरचं पीठ

दिवेलागणीनंतर राधाक्कांच्या घरात मळलेलं पीठ औषधालाही सापडत नसे. उरलासुरला गोळा गवळ्याच्या गायीच्या तोंडी जाई. "रातभर ठेवल्या पिठावर पितर येऊन बसतात," त्या म्हणत. मैलापूरच्या त्या घरात त्यांच्या शब्दापुढे पितरांचंही काही चालत नसावं.

हे तंजावरचं मराठी कुटुंब आमचं घरमालक. माझ्या यजमानांची मद्रासला बदली झाली आणि आम्ही पुण्याहून येऊन त्यांच्या माडीवर बिऱ्हाड थाटलं. पहिल्याच आठवड्यात राधाक्कांनी माझी आमटी चाखून विचारलं, "पुण्यात चिंच मिळत नाही काय गं?"

त्यांचा मुलगा जर्मनीत शिकून आला तो ग्रेटाला घेऊनच. राधाक्का सुनेला वाईट वागवत नव्हत्या. पाहुणीसारखं वागवत होत्या, ते जास्त वाईट. ताट बाहेर मांडायचं, हवं-नको विचारायचं, पण सोवळ्याच्या स्वयंपाकघरात तिनं पाऊल टाकायचं नाही. ग्रेटा एकदा मला म्हणाली, "नाताळात इथे माझ्या आईच्या घरचा वास आला नाही, तर मी राहू शकेन असं वाटत नाही."

वास म्हणजे लेबकूखनचा. मध, लवंग, दालचिनी, बडीशेप घातलेली ही बिस्किटं. पीठ मळून महिनाभर मुरवायचं आणि मग भाजायची. अंडं नाही, हे तिनं मला दोनदा बजावलं. आम्ही दोघींनी माझ्याकडे पीठ मळलं. माडीवर ऊन फार, म्हणून बरणी खाली मागच्या पडवीत झाकून ठेवली. राधाक्कांना सांगायचा धीर कुणालाच झाला नाही.

नाताळ तोंडावर आला. आम्ही दोघी पडवीत गेलो तर बरणी गायब. ग्रेटा मुळातच गोरी, ती आणखी पांढरी पडली. दारात गाय निवांत रवंथ करत होती. मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

राधाक्का देवळातून परतल्या. जीव मुठीत धरून मीच विचारलं.

"ती बरणी? आत आहे. अदिरसाच्या पिठाशेजारी ठेवली." अदिरसम म्हणजे तिकडचे अनारसे.

"पण अक्का, शिळं पीठ..."

"अय्यो, पाकाचं पीठ शिळं होतं काय? मुरतं ते. वासानंच कळलं मला. पडवीत मुंग्या लागल्या असत्या. जर्मनीत मुंग्या नाहीत काय?"

माझा जीव भांड्यात पडला. अदिरसाचं पीठ सोवळ्यातल्या वरच्या फळीवर असे; तिथे मलाही हात लावायची मुभा नव्हती. ग्रेटाला आताशा मराठी कळायला लागलं होतं. तरी ती उंबऱ्याबाहेरच थांबली, बरणी कुणीतरी आणून देईल म्हणून.

राधाक्का पाटावर बसल्या. "माझे गुडघे धरलेत. बघतीस काय? पाय धू, आत ये, काढून घे."

ग्रेटानं पाय धुतले, चांगले खसाखसा घासून. आत गेली, फळीवरून बरणी उतरवली आणि ती छातीशी धरून तिथेच रडू लागली.

राधाक्का म्हणाल्या, "आधी बरणी खाली ठेव. मग रड."