अर्धी कॉइल

त्यांना सगळे सूत्रसर म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत ते विज्ञानाची शिकवणी घेत, आणि जगात जे काही घडतं ते कुठल्या ना कुठल्या सूत्रात बसतंच, अशी त्यांची पक्की समजूत होती. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे शक्ती, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना झोपेतही म्हणता येई. काहीजण शिकवणीत झोपेतच म्हणत.

स्क्रू ड्रायव्हर मात्र सरांनी उभ्या जन्मात हातात धरला नव्हता. बल्ब गेला की बायको स्टुलावर चढायची आणि सर खालून स्टूल धरून सल्ले द्यायचे.

अशा माणसाला साडू कोण मिळावा? फ्रिज दुरुस्त करणारा! थोरला जावई सासुरवाडीत पाऊल टाकायचा तोच अवजारांची पेटी घेऊन. नळ, पंखा, मिक्सर, सासूबाईंचं काही अडलं की ह्याचा हात पुढे. साहजिकच खिडकीजवळची गादीची खुर्ची त्याची, आणि सरांच्या नशिबी दाराआडचं स्टूल. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या. फक्त हा जावई नेमका कशासाठी असतो, हे त्यांना उमगलं नव्हतं. सरांच्या ते फार जिव्हारी लागायचं.

म्हणून एका रविवारी सासूबाईंच्या विजेच्या शेगडीची कॉइल तुटली आणि थोरले साडू अजून यायचे होते, तेव्हा सरांनी बाह्या सरसावल्या.

"आई, तुम्ही बसा. मी बघतो."

"तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या. बायकोने डोळे मिटून घेतले.

कॉइल बरोबर मधोमध तुटली होती. सरांनी एक तुकडा टाकून दिला, दुसरा ताणून खाचांमध्ये बसवला आणि टोकं स्क्रूखाली आवळली. मग वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. दोनशेवीस व्होल्ट, पाच अँपिअर, म्हणजे रोध चव्वेचाळीस ओहम आणि शक्ती अकराशे वॉट. आता कॉइल अर्धी, तर रोध बावीस. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. पाचाचा वर्ग पंचवीस, गुणिले बावीस, साडेपाचशे!

"आता निम्म्याने मंद चालेल," त्यांनी जाहीर केलं. "पण चालेल."

तेवढ्यात थोरले साडू आले आणि सवयीने खुर्चीत जाऊन बसले. सासूबाईंनी शेगडी लावली, चहाचं आधण ठेवलं, आणि कप विसळून होतायत तोच पाणी खळाखळा उकळायला लागलं.

"अगं बाई! आधी किती ताटकळायला लागायचं! तुमच्या हाताला गुण आहे हो!" मग त्या थोरल्याकडे वळल्या. "तुम्ही जरा उठा. त्यांना बसू दे तिथे."

सर खुर्चीत टेकले. गादी त्यांना वाटली होती त्याहून मऊ निघाली. स्वर्ग दोन बोटं उरला.

पण हाडाचा मास्तर स्वर्गातही पेपर तपासत बसतो. मंद चालायची ती शेगडी एवढी पेटली कशी? प्रवाह पाचच राहणार, हे सांगितलं कोणी? भिंतीतून येणारे व्होल्ट तेवढेच राहतात. दोनशेवीस भागिले बावीस, दहा अँपिअर! दोनशेवीस गुणिले दहा, बावीसशे वॉट! निम्मी कसली, दुप्पट! आणि पिन खोचलेली त्या जुन्या, बारक्या सॉकेटमध्ये. तेवढ्यात जळक्या प्लॅस्टिकचा वास आला.

"फ्यूज कसा उडाला नाही?" सर पुटपुटले.

"उडतोय कसला!" साडू फुशारकीने म्हणाले. "सारखा जायचा, म्हणून मीच त्यात चांगली जाडजूड तार घातलीय."

सर गार पडले. गप्प बसले असते तर खुर्ची कायमची त्यांची होती. पण संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जाणार, आणि ह्या घरात शेगडीजवळ सासूबाई एकट्या. सर ताडकन उठले आणि बटण बंद केलं.

"अहो, छान चाललीये की! बंद का केलीत?"

"आई, माझं गणित चुकलं." हे शब्द सरांनी आजवर फक्त मुलांच्या तोंडून ऐकले होते. "ही शेगडी वापरू नका. घर पेटेल. आणि ती जाड तारही आजच काढायला हवी."

साडूंनी छताकडे पाहिलं. सर निमूटपणे स्टुलाकडे निघाले.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "चुकलं म्हणणारा जावई आज पहिल्यांदा बघतेय. आणि तरीच! अधूनमधून येतो मला हा जळका वास. विचारलं की थोरले म्हणतात, काही नाही, भास आहे. म्हणून रात्री उशाशी पाण्याची बादली घेऊन झोपते मी. पेटलंच तर ओतायला."

"पाणी?" सर किंचाळलेच. "आई, विजेच्या आगीवर पाणी नाही ओतायचं! शॉक बसेल! आधी मेन स्विच बंद करायचा!"

सासूबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

"जावईबापू, लग्न झाल्यापासून मला सूत्रं ऐकवताय. मग एवढं एक सांगायचं कसं राहिलं हो?"

सरांनी आतून बादली आणली, मोरीत रिकामी केली आणि सासूबाईंना हाताला धरून मेन स्विच दाखवायला नेलं. तो कुठे आहे, हे सासूबाईंनीच त्यांना सांगितलं.